वखारीपाशी चुकलेलं यमक

१

"बोलत राहा गं, चिमणे. तू गप्प झालीस की रस्ता लांब होतो."

वडिलांचा हा आवाज आत्याच्या कानात अजून होता. संध्याकाळ उतरत असायची, काळी गाडी घुमत चाललेली असायची, आणि पुढच्या सीटवर जमिनीला पाय न पोचणारी एक मुलगी. दिवसभर राबून आलेल्या वडिलांना पेंग यायची. त्यांना जागं ठेवायचं काम तिचं. शाळेतल्या गोष्टी संपल्या की ती दिसेल त्यावर गाणं रचायची. झाड दिसलं तर झाडावर, कुत्रं दिसलं तर कुत्र्यावर. यमक जुळलं की वडील स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायचे. नाही जुळलं की म्हणायचे, "परत म्हण. हे लंगडतंय."

वडील गेले. गाडी राहिली, आणि गाण्याची खोड राहिली. ती मुलगी साठी ओलांडून घरादाराची आत्या झाली, डोक्यावर चांदी आली, पण त्या गाडीत बसून तिने कधी डोळा मिटला नाही.

आणि आता सगळं घर म्हणत होतं की आत्या स्टिअरिंगवर झोपली.

भावाच्या नातीला, भिंगरीला, घेऊन ती दुपारी पोहण्याच्या वर्गाला निघाली होती. गावाबाहेरचा सरळ रस्ता, लख्ख ऊन, समोर चिटपाखरू नाही. आणि गाडी सावकाश डावीकडे सरकत सरकत एका गोदामाच्या भिंतीला जाऊन भिडली. बंपर वाकला, एक दिवा फुटला. मागच्या सीटवर बसलेल्या भिंगरीचा हात मोडला. दोघींना उलट्या झाल्या, दोघींची डोकी ठणकत होती. दवाखान्यात म्हणाले, मार बसल्यावर होतं असं.

बैठकीतल्या टेबलावर विमा कंपनीचा कागद पडला होता. त्यावर एकच ओळ महत्त्वाची होती : वाहन चालवताना मला डुलकी लागली असावी. खाली सहीसाठी रेघ.

"करून टाक गं सही," दादा म्हणाला. आत्याचा थोरला भाऊ, भिंगरीचा आजोबा. खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. "वय झालं की होतं असं. तुला कोणी फासावर देत नाही."

"फास बरा," आत्या म्हणाली. "तिथे निदान गुन्हा वाचून दाखवतात. आपला आपल्याला लिहायला लावत नाहीत."

भिंगरीची आई दाराला टेकून उभी होती. घरात तिला सगळे सूनबाई म्हणत. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "आत्या, मला भांडायचं नाही. पण माझ्या लेकीचा हात प्लास्टरमध्ये आहे. झोप लागली तर लागली म्हणा ना! हे धुराबिराचं काढलंत तर मी तिला तुमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा पाठवणार नाही."

"नको पाठवूस. पण मी खोटं लिहून दिल्यावर पाठवणार असशील, तर तू आई कसली गं?"

आत्याने पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं, दाराला कडी घालावी तसं.

"मी झोपले नव्हते. गाडीत धूर होता. आणि त्या कंपनीच्या माणसाला सांगा, माझ्या तोंडात शब्द घालायचे तर आधी माझे दात मोजून ये म्हणावं."

"माणूस नाही, बाई आहे," बाहेरच्या पायरीवरून आवाज आला. "आणि मी मघापासून ऐकतेय."

२

सर्व्हेयरबाई आत आली. खांद्याला पिशवी, चपलांना धूळ, चेहऱ्यावर काही नाही. धडकलेल्या गाड्या बघून अहवाल देणं हे तिचं काम. तिच्या अहवालात झोप लागली असं गेलं की आत्याचं लायसन्स जाणार होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे या घरात तिच्या शब्दाला पुन्हा कोणी शब्द म्हणणार नव्हतं.

"धूर होता म्हणता," बाई म्हणाली. "डोळ्यांनी दिसला?"

"नाही."

"वास आला?"

"नव्या सीटचा येत होता. चामडं अन् चिकटवायचं सोल्यूशन. गाडी आत्ताच नव्याने सजवून आणलीय दादाने. दुसरा वास नाही आला."

"मग धूर कशावरून?"

आत्याने आपली बोटं उघडमीट करून पाहिली. "झोप कशी येते मला ठाऊक आहे. ती पाहुण्यासारखी येते, दार वाजवते. हे तसं नव्हतं. कोणीतरी मला आतून पुसत होतं. आधी बोटं गेली, मग पाय. भिंत दिसत होती बरं का मला! भिंत आली, भिंत आली असं मनात म्हणतही होते. पण ब्रेक कोणी दाबायचा तेच आठवेना."

"आम्ही सगळ्यांनी गाडीत डोकं घालून वास घेतला," दादा खिडकीकडे बघतच म्हणाला. "मी घेतला, सुनेने घेतला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घेतला. काही नाही."

"माझ्या नाकाचा तर काहीच उपयोग नाही," सर्व्हेयरबाई म्हणाली. "मोठा ताप आला होता, त्यात वास गेला तो गेला. आता मला चहा काय अन् गरम पाणी काय, सारखंच."

आत्या हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच. "वा! धूर शोधायला नकटीच पाठवली."

"चांगलंच झालं की. नाक असतं तर मीही वास घेतला असता आणि तुमच्यासारखीच घरी गेले असते." बाईने टेबलावरचा कागद उचलला आणि घडी करून पिशवीत टाकला. "गाडीच्या धुरातला जो भाग माणसाला मारतो ना, त्याला वास नसतोच."

खुर्ची करकरली. दादाने पहिल्यांदाच तोंड फिरवून तिच्याकडे पाहिलं होतं, आणि त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

३

मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी खड्ड्यावर उभी होती. काळी, रुंद खांद्यांची, वाकलेल्या बंपरमुळे ओठ चावून उभी असल्यासारखी.

"धूर?" मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या हातच्या इंजिनाचा धूर गाडीत? बाई, काचा बंद करून मी स्वतः आत बसलो. इंजिन चालू ठेवलं. चहा प्यायलो, बिडी ओढावीशी वाटली तीसुद्धा ओढली नाही. मेलो का?"

"गाडी उभी होती?"

"मग काय नाचत होती?"

"खालून बघितलं?"

"दिवा लावून बघितलं. सायलेन्सर नवा, सांधे घट्ट. डिकीच्या खालचा पत्रा तर आरसा आहे आरसा. पेंटरने असा रंग मारलाय की खालून दाढी करून घ्या. एक भोक दाखवा, मी धंदा सोडतो."

बाई खड्ड्यात उतरली. दिव्याच्या उजेडात गाडीचं पोट खरंच तुळतुळीत होतं. सायलेन्सरची नळी डिकीखालून मागे जात होती, आणि तिच्यावरचा काळा पत्रा सलग, चकचकीत, कुठे डाग नाही. एखाद्या साफ सारवलेल्या अंगणासारखा. ती वर आली तरी ते चकचकीतपण तिच्या डोळ्यांपुढून जाईना. एवढी जुनी गाडी, आणि अंगावर एक व्रण नाही?

"रंग झाल्यावर तुम्ही गाडी बघितली होती?"

मिस्त्रीने हात पुसायचं फडकं खांद्यावर आपटलं. त्याच्या जखमेवरच बोट पडलं होतं. "नाही ना! दर वेळी आधी पेंटर, मग मी, मग गादीवाला. यावेळी दादांना घाई. जुन्या गाड्यांची फेरी होती, हारतुरे, फोटो. पेंटरकडून गाडी थेट गादीवाल्याकडे. आम्हाला विचारतो कोण!"

तेवढ्यात बाईचा फोन वाजला. साहेब होते.

"अहो, सरळ प्रकरण आहे ते. वय झालेली बाई, दुपारची वेळ. डुलकी लिहा आणि मोकळ्या व्हा."

"ती म्हणते झोपले नव्हते."

"सगळे तेच म्हणतात."

"हो. पण ही सही करायला तयार नाही आणि पैसेही मागत नाही. असं माणूस मला अजून भेटलं नव्हतं." फोन ठेवताना ती म्हणाली, "उद्यापर्यंत थांबा साहेब. नाहीतर अहवालावर तुम्हीच सही करा."

बोलून गेली खरी. पण हातात काय होतं? एक चकचकीत पत्रा, आणि न दिसणारा धूर. उरली होती एकच साक्षीदार, आणि तिच्या आईने दाराला कुलूप घातलं होतं.

४

"पाचच मिनिटं," सूनबाई म्हणाली. "आणि मी इथेच बसणार."

भिंगरी पलंगावर बसली होती. प्लास्टरवर तिने पेनाने एक मासा काढला होता.

"तुला खरंच नाही का वास येत?" तिने बाईला विचारलं. "मग तुला पादलेलं पण कळत नाही?"

"भिंगरी!"

"नाही कळत," बाई गंभीरपणे म्हणाली. "म्हणून मला सगळे आपल्या शेजारी बसवतात. बरं, आत्याआजी गाडीत काय करत होती?"

"गाणी. ती रस्त्यावरचं सगळं गाण्यात घालते. मी पाठ करते. पूल आला की पुलाचं." आणि मोडका हात सांभाळत तिने डोकं डोलवत म्हटलं,

"पुलाखाली पाणी गं, पाण्याखाली वाळू
गाडी माझी म्हातारी, चालते हळूहळू."

"छान आहे. मग?"

"मग पाण्याची टाकी.

टाकीच्या डोक्यावर बसली गं घार
तिला दिसे गाव सारा, दारामागे दार."

बाईने पिशवीतून काही काढलं नाही, काही लिहिलं नाही. ती फक्त ऐकत होती. पुलापासून टाकीपर्यंत आत्याचं यमक चोख. झोपेला आलेल्या माणसाला घार आणि दार जुळवता येत नाही.

"टाकीनंतर?"

"टाकीपाशी मला मळमळायला लागलं. नव्या सीटचा घाण वास येतो ना. मग आत्याआजी म्हणाली, मागची काच खाली कर, वारा घे. मी दोन्हीकडच्या केल्या."

"आणि बरं वाटलं?"

भिंगरीने मान हलवली. "जास्तच झालं. डोकं दुखायला लागलं. मग वखार आली, लाकडांची. आत्याआजी म्हणाली,

वखारीत लाकडं गं, लाकडांची रास
राशीवर झोपलं गं पांढरं मांजर."

ती खुदकन हसली. "मी म्हटलं, आत्याआजी, चुकलं! ती म्हणाली, चुकलं का गं? आणि परत तेच म्हणाली. अगदी तेच. परत मांजर. मग ती पुढे काही म्हणालीच नाही."

सूनबाई मुलीच्या केसांवरून हात फिरवत होती. तो हात मध्येच थांबला.

"तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली असतील ती असोत," बाईने तिला विचारलं, "आत्यांचं यमक चुकलेलं तुम्ही कधी ऐकलंय?"

"कधीच नाही," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तापात असतानासुद्धा नाही."

"झोपणारा माणूस मध्येच गप्प होतो. तो चुकीचं यमक जुळवून पुन्हा तेच म्हणत बसत नाही. विष चढताना माणूस असा थोडा थोडा विझतो." बाई उठली. "आणि ते चढायला लागलं काचा उघडल्यावर. बंद असताना नव्हे."

"पण हे उलटंच आहे! काच उघडली की हवा येते ना?"

"तेच तर," बाई दारातून म्हणाली. "आपण सगळे त्या काचेवर विश्वास ठेवून बसलोय."

५

गादीवाल्याच्या दुकानात चामड्याच्या गुंडाळ्या उभ्या होत्या. तोंडात खिळे धरून तो बोलत होता. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा.

"डिकीत गालिचा तुम्हीच बसवला?"

"बसवला म्हणजे! काय चिकटवलाय! तो काढायचा तर पत्रा सोबत येईल."

"खाली भोकं होती?"

"होती ना. जुन्या गाड्यांना असतातच, पाणी जायला. पण ती खालून बंद होती. मला उजेड दिसला नाही, मी गालिचा टाकला. भोकं बुजवायचं काम गादीवाल्याचं नाही, बाई. मी बसणाऱ्याची काळजी घेतो, पाण्याची नाही."

उजेड दिसला नाही. हे मनात घोळवत बाई पेंटरच्या शेडमध्ये शिरली. तिथे सगळ्यावर रंगाची बारीक साय धरली होती, पेंटरच्या भुवयांवरसुद्धा. वास भयंकर असणार, कारण आत शिरणारा प्रत्येक जण नाक दाबत होता. ती एकटीच निवांत उभी राहिली.

"काळ्या गाडीचं काम देखणं केलंत," ती म्हणाली.

पेंटर फुलला. "माझी पद्धतच आहे. भोकांतल्या रबरी बुचाला रंगाचा थेंब लागलेला मला चालत नाही. रबर काढायचं, भोकावर खालून कागदाची पट्टी चिकटवायची, वरून फवारा. पट्टी इतकी साफ बसते की कळतसुद्धा नाही, पत्रा कुठे संपला आणि कागद कुठे सुरू झाला."

"आणि काढलेलं रबर?"

"तारेत ओवून ठेवतो. ज्या त्या गाडीची माळ वेगळी. मिस्त्री येतो, माळ घेऊन जातो, पट्ट्या सोलतो, रबरी बुचं परत ठोकून बसवतो. ते काम त्याचं. मी कधी हात लावत नाही."

बाईची नजर भिंतीवर गेली. खिळ्यांची रांग होती, आणि बाकी सगळे खिळे रिकामे होते. शेवटच्या खिळ्यावर एक माळ लोंबत होती. काळी, गोल, जाडसर रबरी बुचं, धूळ खात.

"ही कोणाची?"

पेंटरने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि भुवयांवरचा तेवढा राहिला.

६

दुपारी सगळे गॅरेजात जमले. मिस्त्री, पेंटर, गादीवाला, सूनबाई, दादा. आत्या शेवटी आली, ताठ मानेने, धुवून ठेवलेली साडी नेसून, जणू निकाल ऐकायला नाही तर द्यायला आली होती.

सर्व्हेयरबाई खड्ड्यात उतरली आणि तिने बोटाच्या पेरांनी पत्रा वाजवायला सुरुवात केली. टण्. टण्. टण्. पत्रा भांड्यासारखा वाजत होता. सायलेन्सरच्या तोंडाजवळ आली तसा आवाज बदलला. थप्.

"मिस्त्री, इथे दिवा धरा."

तिने अंगठा टेकवला. चकचकीत काळा पत्रा पापडासारखा आत गेला. रंगवलेला कागद. त्याची नळीकडची कड तपकिरी होऊन सुटली होती, आणि फुंकर मारली की ती पापणीसारखी उघडझाप करत होती.

"आईशप्पथ," मिस्त्री पुटपुटला. "मी याच्याखाली उभा राहून आरसा म्हणत होतो."

"गाडी उभी असताना ही पापणी मिटलेली असते," बाई म्हणाली. "म्हणून तुम्ही जिवंत राहिलात. गाडी पळायला लागली की तिच्या पाठीमागे हवेचा खळगा होतो, आणि सायलेन्सरचा धूर त्या खळग्यात घोटाळत राहतो. काचा बंद असतील तर तो आत फारसा येत नाही. पण मागची काच उघडली, की बाहेरचा वारा गाडीतली हवा शोषून घेतो. मग गाडीने श्वास कुठून घ्यायचा? जिथे भोक असेल तिथून. गालिचा कडेला चिकटवलाय, पण सीटच्या मागे तो मोकळा आहे. धूर त्याखालून सरळ भिंगरीच्या पाठीशी येत होता."

"म्हणजे वारा घे म्हणून सांगितलं," आत्या हळूच म्हणाली, "आणि मीच..."

"तुम्ही कोणीही शहाण्या माणसाने सांगितलं असतं तेच सांगितलंत."

बाईने पिशवीतून विषारी वायू मोजायचं एक छोटं यंत्र काढलं. दवाखान्यातल्या ओळखीने मागून आणलेलं. "आता गाडी चालवून बघायची. मिस्त्री, बसता?"

"कोणी बसायचं नाही," आत्या म्हणाली. "चालवणार मी."

"आत्या, नको," सूनबाई कळवळून म्हणाली.

"का? पुन्हा झोपेन?"

आत्या स्टिअरिंगमागे बसली, बाई यंत्र घेऊन तिच्या शेजारी. काळी गाडी गॅरेजातून बाहेर पडली. रस्त्याला लागेपर्यंत काचा बंद होत्या, यंत्र गप्प होतं. मग बाईने मागे वळून काच खाली केली. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग यंत्र शेपटीवर पाय पडलेल्या पिल्लासारखं किंचाळायला लागलं. आत्याने करकचून ब्रेक दाबला, दोघींनी झटकन दारं उघडून रस्त्याच्या कडेला उड्या टाकल्या, आणि धापा टाकत, वाऱ्यात उभ्या राहून, शाळकरी मुलींसारख्या हसल्या.

"म्हातारी मी," आत्या म्हणाली. "तू कशाला धापा टाकतेस?"

७

पण परत आल्यावर घोडं अडलं.

पेंटर तोवर सावरला होता. "कागद माझा, मान्य. पण तो आधीपासून सुटला होता कशावरून? गाडी भिंतीवर आदळली, हादरा बसला, तेव्हा सुटला असेल. म्हणजे आत्याबाई आधी झोपल्या, कागद नंतर फाटला."

"कड जळलीय त्याची," मिस्त्री म्हणाला.

"कधी जळली ते कागदावर लिहिलंय का? धडकेनंतर तूच इंजिन चालू ठेवून चहा पीत बसला होतास ना?"

गादीवाल्याने मान डोलावली. त्यालाही सुटका हवी होती. "आणि फेरीचं काय? त्या दिवशी दादांनी गाडी चालवली. काचा सगळ्या उघड्या, हात हलवत, फोटो काढत. जाताना, येताना. त्यांना काही झालं का? नाही. मग कागद तेव्हा धड होता."

"हे बरोबर आहे," सूनबाई बाईकडे वळली. तिच्या डोळ्यांत आता राग नव्हता, विनवणी होती. तिलाही आत्याच खरी ठरायला हवी होती. "भिंगरीचं गाणं मला पटलं. पण तुमच्या साहेबांना लहान मुलीचं गाणं पटेल?"

"नाही पटणार," बाई म्हणाली. "कागद धडकेच्या आधी सुटला होता हे सांगू शकेल असा एकच माणूस आहे. फेरीच्या दिवशी ज्याने गाडी चालवली तो."

सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. तो भिंतीशी, टायरांच्या ढिगावर बसला होता.

"फेरीत काय व्हायचंय?" तो म्हणाला. "काही झालं नाही. घरी परतायला उशीर झाला तो रेडिएटर तापला म्हणून. तेव्हाच सांगितलं होतं मी."

"आणि त्यानंतर तुम्ही ही गाडी एकदाही चालवली नाहीत," बाई म्हणाली.

"गुडघा दुखतो माझा."

आत्या पुढे आली. तिने भावाला दरडावलं नाही. त्याच्या शेजारी टायरवर बसली, धुतलेल्या साडीला काजळी लागू दिली.

"दादा, माझ्याकडे बघ. लायसन्स गेलं तर जाऊ दे, मी पायी फिरेन. पण मी रोज सकाळी उठून स्वतःला विचारते, खरंच झोपले होते का गं मी? पोरीचा हात माझ्यामुळे मोडला का? सगळ्या जगाला मी नाही म्हणून सांगते, आणि रात्री मला माझंच खरं वाटत नाही. तुला काही ठाऊक असेल तर सांग. नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही. आणि सही तरीही करणार नाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं, आणि नजर तिथे टिकेना. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तो उठून उभा राहिला. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"रेडिएटर तापला नव्हता," तो म्हणाला.

त्याने गाडीच्या वाकलेल्या बंपरवर हात टेकवला.

"येताना मी एकटा होतो. ओढ्याच्या अलीकडे रस्ता दोन-दोन दिसायला लागला. समोरून एक सायकलवाला येत होता, पाठीवर पोर बांधलेला. मी त्याच्या अंगावर जात होतो, आणि मला हात वळवता येत नव्हते. तोच बिचारा शेतात उतरला. मी कशीबशी गाडी थांबवली, गवतात पालथा पडलो, ओकलो. तिथेच पडून होतो किती तरी वेळ. मला वाटलं, संपलं. डोकं गेलं आपलं, वय झालं. आणि घरी कळलं तर हे लोक मला खुर्चीत बसवतील, औषधाच्या डब्यासारखं."

"म्हणून गाडी मला दिलीस चालवायला?" आत्याही उठून उभी राहिली. "तू म्हणालास, तुझ्याइतकं प्रेम हिच्यावर कोणाचं नाही."

"म्हणालो." दादा थांबला नाही. "तू दवाखान्यात शुद्धीवर आलीस आणि काय काय झालं ते सांगायला लागलीस, तेव्हा एकेक शब्द माझाच होता. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बोललो असतो तर लोक म्हणाले असते, माहीत असून नातीला त्या गाडीत बसवली. त्यापेक्षा तू झोपलेली बरी वाटलीस मला."

सूनबाईने तोंडावर हात धरला. दादा सर्व्हेयरबाईकडे वळला. आवाज मोठा होता. बाहेर रस्त्यावर जाणारे दोघे थबकले इतका मोठा.

"लिहा. माझं नाव घालून लिहा. माझी बहीण झोपली नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."